अर्ज, शिक्के आणि श्टुटगार्ट

पुण्या-मुंबईच्या माणसाला श्टुटगार्ट हे गाव ठाऊक नसले, तरी त्या गावाची खूण ठाऊक असते. १९५४ साली टाटांनी डाइम्लर-बेंझ या जर्मन कंपनीशी करार करून जमशेदपूरला मालमोटारी बांधायला घेतल्या. पुढची पंधरा वर्षे बोरघाट धापा टाकीत चढणाऱ्या टाटांच्या ट्रकच्या नाकावर तीन टोकांची चांदणी असे. एस.टी.च्या खिडकीत बसून त्या चांदण्या मोजणे हा आमचा पोरांचा घाटातला उद्योग होता. त्या चांदणीचे माहेर म्हणजे श्टुटगार्ट. १९६८ साली मुंबई आणि श्टुटगार्ट या दोन शहरांनी रीतसर बहिणी-बहिणीचे नाते जोडले. एक बहीण कोट्यवधींची, दुसरी जेमतेम सहा लाखांची. आणि आपल्याला एक बहीण आहे, हे मुंबईकराला कुणी सांगितलेलेही नसते!

२०२५ सालच्या उन्हाळ्यात मी आणि माझा थोरला भाऊ त्या गावी दोन महिने राहून आलो. त्याची एकुलती एक मुलगी, म्हणजे माझी पुतणी, तिथे मोटारीच्या ब्रेकमधल्या संगणकाचे काम करते. प्रवासवर्णन म्हटले की विमान, ढग आणि विमानात मिळालेले बेचव जेवण इथून सुरुवात करायची पद्धत आहे. ती मी मोडतो. कारण नोकरीसाठी निघालेल्या माणसापुरती श्टुटगार्टची वेस नरिमन पॉइंटला आहे. तिथे होक्स्ट हाउस नावाच्या इमारतीत जर्मन वकिलात आहे. प्रत्यक्ष अर्ज घेणारे केंद्र वेगळे. पण हो किंवा नाही म्हणणारी सही होते ती समुद्राकडे तोंड करून उभ्या असलेल्या त्या इमारतीत.

तर आधी त्या वेशीतून आत कसे जातात ते सांगतो. हल्ली प्रत्येक वाड्यातले, प्रत्येक सोसायटीतले एक तरी पोर या वेशीशी उभे आहे, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना मात्र त्यातले ‘काहीतरी कागदपत्रे चालली आहेत’ यापलीकडे काही कळत नाही.

अमेरिकेच्या नोकरीच्या व्हिशासाठी सोडत काढतात, तशी इथे काढीत नाहीत. इथे पदवी हवी, कुणा मालकाचे लेखी करारपत्र हवे आणि त्या करारात लिहिलेला पगार सरकारने ठरवलेल्या रकमेच्या खाली नसावा. एवढे जमले की ‘ब्लू कार्ड’ नावाचा परवाना मिळू शकतो. जर्मनीत हा २०१२पासून आहे. पगाराची ती रक्कम दरवर्षी बदलते, कारण ती तिथल्या निवृत्तिवेतन-विम्याच्या मर्यादेला बांधलेली आहे. पुतणीने अर्ज केला त्या २०२४ सालात सर्वसाधारण कामांना वर्षाला ४५,३०० युरो लागत; आणि ज्यांची त्या देशाला चणचण आहे त्या डॉक्टर-इंजिनियर-संगणकवाल्यांना ४१,०४१ युरो ८० सेंट. हे ८० सेंट वाचून भाऊ खूष झाला. “हिशेब असा पाहिजे,” म्हणाला. त्याची सारी नोकरी पिंपरीला टेल्कोत, स्टोअर्स खात्यात गेली. नटबोल्टाची तूट निघाली तर झोप न लागणारा माणूस तो.

पुतणीच्या करारात आकडा होता ४४,०००. म्हणजे धाकट्या रकमेच्या वर, थोरल्या रकमेच्या खाली. अशा वेळी तिथल्या केंद्रीय रोजगार संस्थेची संमती लागते. ती संस्था बघते ते एवढेच, की याच कामाला जर्मन माणसाला जे मिळते त्याहून कमी पैशांत हिला राबवून तर घेत नाहीत ना? परदेशी माणूस स्वस्तात मिळतो म्हणून आणायचा नाही. हे कलम मला फार आवडले. ते परदेशी माणसाच्या कळवळ्याने लिहिले आहे की जर्मन कामगाराच्या, याची चौकशी करण्याचे कारण नाही. कलम चांगले आहे.

दुसरा प्रश्न पदवीचा. आपली पदवी त्यांच्या पदवीबरोबरीची आहे का, हे बघण्यासाठी जर्मनांनी जगभरच्या विद्यापीठांची एक यादीच करून ठेवली आहे. तीत विद्यापीठाच्या नावापुढे ‘एच’ आणि अधिकची खूण असली की सुटलात. पदवीची नोंद तिथे सापडली नाही तर बॉनच्या एका कचेरीकडून तुल्यतेचा दाखला आणावा लागतो. पुतणीची पदवी सापडली. पण नाव अडले. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे, मग वडिलांचे आणि खाली आईचे नाव. पासपोर्टात उलटे. तिच्या होणाऱ्या मालकाच्या कचेरीतल्या बाईंनी अत्यंत सौजन्याने विचारले, की या चार नावांपैकी आमच्याकडे कामाला येणार ते कोणते? एका कागदावर सारा खुलासा लिहून द्यावा लागला.

याच सुमारास पुण्यातल्या एका दलालाने दीड लाखात ‘सगळे करून देतो’ असा निरोप धाडला. सगळे म्हणजे काय, तर अर्ज भरणे आणि फोटो चिकटवणे. व्हिशाची सरकारी फी होती ७५ युरो. आणि घाई करायची तर मालकाने तिकडे भरायची रक्कम ४११ युरो. ही घाईची तरतूद कायद्यातच आहे. नोकर मालकाला मुखत्यारपत्र देतो, मालक आपल्या गावच्या परदेशी-नागरिक कचेरीत पैसे भरून फाइल पुढे ढकलतो, तिथून आगाऊ संमतीचे पत्र निघते. ते हातात पडले की वकिलातीने तीन आठवड्यांत भेटीची वेळ द्यायची आणि कागद पुरे असतील तर साधारण पुढच्या तीन आठवड्यांत निकाल. पुतणीचा मालक श्टुटगार्टजवळच्या खेड्यातला दीडशे माणसांचा कारखानदार. त्या प्रांतातले लोक, श्वाबियन म्हणतात त्यांना, काटकसरीसाठी जर्मनीभर कोकणस्थांइतकेच प्रसिद्ध आहेत. (मी स्वतः कोकणस्थ असल्यामुळे हे लिहिण्याचा मला अधिकार आहे.) त्या गृहस्थाने ४११ युरो मोजले, यावरून त्याला माणसाची गरज किती होती हे ओळखावे.

ही गरज काही आजची नाही. गंमत अशी की गरज जुनी, आणि तिच्याविषयीचा संकोचही तितकाच जुना. १९५५ साली जर्मनीने इटलीशी कामगार आणण्याचा करार केला, १९६१ साली तुर्कस्तानशी. त्या लोकांना नाव दिले ‘पाहुणे कामगार’. पाहुणा म्हणजे उद्या जाणारा. १९७३ साली ही भरती थांबवली, तोवर पाहुण्यांनी संसार थाटले होते. केरळातल्या कितीतरी मुली साठ-सत्तरच्या दशकांत इथल्या इस्पितळांत परिचारिका म्हणून आल्या, त्याही राहिल्या. मग २००० साली चॅन्सेलर श्र्योडर यांनी संगणकतज्ज्ञांसाठी वीस हजार ग्रीन कार्डे जाहीर केली, आणि त्याच वर्षी नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालिया प्रांताच्या निवडणुकीत युर्गेन रुटगर्स नावाच्या पुढाऱ्याच्या प्रचारातून एक घोषणा निघाली: ‘किंडर श्टाट इंडर’. म्हणजे भारतीय कशाला, आपली मुलेच तयार करा. यमक झकास होते. निवडणूक मात्र त्यांचा पक्ष हरला. आणि ऑक्टोबर २०२४मध्ये दुसरे एक चॅन्सेलर, शोल्झ, दिल्लीला येऊन सांगून गेले, की कुशल भारतीयांसाठीचे व्हिसा वर्षाला वीस हजारांवरून नव्वद हजारांपर्यंत नेऊ! त्याच वर्षी आपल्या महाराष्ट्र सरकारनेही श्टुटगार्ट ज्याची राजधानी आहे त्या बाडेन-व्युर्टेंबर्ग प्रांताशी कुशल माणसे पुरवण्याचा करार केला. चोवीस वर्षांत त्यांची मुले काही पुरेशी झाली नाहीत, असे दिसते.

व्हिसा आला तो सहाव्या आठवड्यात. पासपोर्टात एका पानावर चिकटवलेला कागद. भावाने तो चष्मा पुसून दोनदा वाचला आणि देवापुढे ठेवला. मग स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ चहाचे आधण ठेवीत राहिला. वहिनी जाऊन तेव्हा तीन वर्षे झाली होती.

असो. आता गावाकडे वळू.

श्टुटगार्ट एका खोलगट वाडग्यात वसले आहे. तळाशी बाजारपेठ आणि स्टेशन, कडांवर घरे, आणि घरांच्या मध्येच द्राक्षाचे मळे. मुख्य स्टेशनाच्या मागच्या टेकडीवरसुद्धा वेली चढलेल्या. नगरपालिकेचा स्वतःचा द्राक्षमळा आणि स्वतःची वाइन आहे, हे कळल्यावर मला नाशिकच्या नगरसेवकांची आठवण झाली. वाडग्याच्या कडा चढायला चारशेहून अधिक जिने आहेत. त्यांना तिथे ‘श्टेफेले’ म्हणतात. पुतणीचे बिऱ्हाड असल्याच एका जिन्याच्या माथ्यावर. पर्वतीची सवय असलेल्या भावाने पहिल्याच दिवशी पायऱ्या मोजल्या आणि “आपल्या निम्म्याही नाहीत,” असा निर्वाळा दिला. ज्यांना चढवत नाही त्यांच्यासाठी १८८४ सालापासून दात्यांच्या चाकांची एक रेल्वे आहे. माथेरानच्या गाडीची ही थोरली बहीण. पण सहलीची नव्हे, रोजची. लोक तिने कचेरीला जातात, आणि सायकली तिच्या पुढे जोडलेल्या एका उघड्या डब्यात उभ्या करतात. वर जंगलाच्या कडेला १९५६ साली बांधलेला दूरदर्शनचा मनोरा आहे. काँक्रीटचा असा हा जगातला पहिला. पुढे जगभर उभे राहिलेले मनोरे याच्याकडे बघून बांधले गेले.

स्टेशनाची हकीकत मुंबईकराला आपलीशी वाटेल. ते स्टेशन जमिनीखाली नेण्याचे काम २०१० साली सुरू झाले. आम्ही गेलो तेव्हाही तिथे खड्डा, पत्रे आणि पादचाऱ्यांना लांबून वळसा असाच देखावा होता. उद्घाटनाची तारीख तोवर अनेकदा पुढे गेलेली होती आणि त्यानंतरही गेली. आमची फ्रँकफुर्टहून येणारी गाडीही पाऊण तास उशिरा. जर्मनांच्या वक्तशीरपणाची कीर्ती अजून शाबूत आहे, याचे श्रेय त्यांच्या गाड्यांना देता येणार नाही.

भाषेचे म्हणाल, तर मराठी माणसाने जर्मनला भिऊ नये. पुतणीने पुण्याच्या मॅक्सम्यूलर भवनात दोन परीक्षा दिल्या होत्या. (ज्या मॅक्सम्यूलरच्या नावाने आपण हे भवन ओळखतो, तो विद्वान भारतात एकदाही आला नव्हता, त्याला व्हिशाची अडचण खासच नसणार.) तिचे म्हणणे असे की इंग्रजीवाले जिथे रडतात तिथे आपण हसतो. जर्मनमध्ये तीन लिंगे. आपल्याकडे तो-ती-ते आहेच. जर्मन माणूस २१ला ‘एक-आणि-वीस’ म्हणतो. आपणही एकवीसच म्हणतो, एकक आधी. घोटाळा होतो तो लिंगे जुळत नाहीत तिथे. त्यांचा चमचा पुल्लिंगी, काटा स्त्रीलिंगी, सुरी नपुंसकलिंगी. आणि मुलगीसुद्धा नपुंसकलिंगी. भाऊ म्हणाला, “त्यात काय, आपणही ‘ते पोरगं’ म्हणतोच की.”

आणि एक शब्द तर थेट आपल्या घरचाच निघाला. बिऱ्हाडाच्या दारावर एके सकाळी एक पाटी लटकलेली दिसली. तिच्यावर लिहिले होते ‘केरवोखे’. वोखे म्हणजे आठवडा. आणि केर म्हणजे, देवाशपथ सांगतो, केरच! इमारतीचा जिना, तळघर आणि दारापुढचा रस्ता झाडण्याची पाळी ज्या भाडेकऱ्याची असेल त्याच्या दारावर ती पाटी लावतात. ही श्वाबियन लोकांची फार जुनी रीत आहे. तिच्यापुढे पदवी नाही, पगार नाही. तळमजल्यावरच्या आजी पाळी चुकवणाऱ्याकडे अशा नजरेने बघत, की परदेशी-नागरिक कचेरीतला अधिकारी त्यापुढे मवाळ वाटावा.

त्या कचेरीपासून सुटका मात्र तिथे गेल्यावरही नसते. घर मिळाले की दोन आठवड्यांत पत्ता नोंदवायचा, त्यासाठी घरमालकाचे पत्र. मग कचेरीतून प्लॅस्टिकचे ते ब्लू कार्ड. नोकरीच्या पहिल्या वर्षात मालक बदलायचा असेल तर कचेरीला कळवायचे. तिला तीस दिवस हे बदलणे रोखून तपासण्याचा अधिकार आहे. मुदतीआधी नोकरी सुटलीच तर दोन आठवड्यांत तसे कळवायचे, आणि मग दुसरी शोधायला काही महिने. पगारातून कर आणि निवृत्ती, आरोग्य, बेकारी, सुश्रूषा असे चार विमे कापून पुतणीच्या हातात महिन्याला चोवीसशेच्या आसपास येतात. नऊशे भाड्याला जातात. इकडे नातेवाईक वर्षाच्या चव्वेचाळीस हजारांना शंभराने गुणून मोकळे झालेले असतात. ते कापलेले विमे त्यांच्या गुणाकारात येत नाहीत.

नोकरी सुटण्याची भीती नुसती कागदावरची राहिलेली नाही. २०२४ आणि २०२५ या दोन वर्षांत जर्मनीतल्या मोठमोठ्या मोटार कंपन्यांनी आणि सुटे भाग करणाऱ्यांनी हजारो जागा कमी करण्याचे जाहीर केले. चांदणीच्या गावात याची झळ लागणारच. पुतणीच्या कारखान्यात एका शुक्रवारी सगळ्यांना कँटीनमध्ये बोलावून मालकाने सांगितले, की मागण्या घटल्या आहेत, सहा महिने आठवड्याचे तास कमी करू, पण कुणाला काढणार नाही. ती घरी येऊन हे सांगत होती तेव्हा तिचा आवाज नेहमीसारखाच होता. पण जेवण झाल्यावर ती कपाटातून करारपत्राची फाइल काढून बसली. बेरीज अशी होती: ब्लू कार्डवाल्याला जर्मनची तिसरी पायरी, बी-वन, उत्तीर्ण होता आले तर २१ महिन्यांनी कायमचा परवाना मागता येतो, नुसत्या पहिल्या पायरीवर २७ महिने. कायमचा परवाना मिळाला की एका मालकाच्या मर्जीवर मुक्काम अवलंबून राहत नाही. “काका, या सहा महिन्यांच्या फरकासाठी मी रोज रात्री दोन तास बसते,” ती म्हणाली. त्या घरात टीव्ही नव्हता, याचे कारण मला तेव्हा कळले.

भावाचे लक्ष त्या फाइलीतल्या दुसऱ्याच एका कागदावर होते. १ मार्च २०२४पासून जर्मनीच्या कायद्यात एक नवे कलम आले आहे: त्या तारखेला किंवा नंतर ज्या कुशल कामगाराला पहिला परवाना मिळाला, त्याला आपल्या आईवडिलांनाही राहायला आणता येते. पुतणी बसते त्यात. हे कलम वाचून मला वाटले, चला, प्रश्न मिटला. पण कायद्यातही धाकट्या अक्षरांची दुसरी ओळ असतेच. आईवडिलांच्या पोटापाण्याची आणि आरोग्य-विम्याची पक्की सोय दाखवावी लागते. तिथल्या सरकारी विम्यात नवरा-बायको, मुले फुकट येतात. आईबाप येत नाहीत. आणि पंचाहत्तरीला टेकलेल्या, रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या नव्या माणसाला कायमचे विमासंरक्षण द्यायला खासगी कंपन्या सहसा तयार होत नाहीत. पुतणीने तीन ठिकाणी विचारले होते. दोघांनी नाही म्हटले. तिसऱ्याने सांगितलेला हप्ता तिच्या भाड्याहून मोठा निघाला.

म्हणून भाऊ गेला तो पाहुणा म्हणून, नव्वद दिवसांच्या मुदतीने, तीस हजार युरोंचा प्रवासविमा काढून. आणि त्यासाठी पुतणीला कचेरीत जाऊन एका छापील कागदावर सही करावी लागली होती, की या पाहुण्याच्या राहण्याखाण्याचा, आजारपणाचा सारा खर्च माझ्या अंगावर. भावाने आयुष्यात कितीजणांना जामीन राहून दिले असेल; हौसिंग सोसायटीच्या कर्जाला, मेव्हण्याच्या स्कूटरला. आपल्याला कुणी जामीन राहिल्याचा हा पहिलाच प्रसंग. तो कागद त्याने मला दाखवला, पण वाचू दिला नाही.

परत यायच्या आठवड्यात केराची पाटी पुतणीच्या दारावर होती. ती कामाला गेल्यावर भावाने धोतर वर खोचले आणि तीन मजल्यांचा जिना वरून खालपर्यंत झाडला, मग पुसला. कठड्याच्या खालची जाळीसुद्धा. रस्त्यावर आला तेव्हा तळमजल्यावरच्या आजी दारात उभ्या होत्या. त्यांनी काही विचारले. त्याला ‘फाटर’ एवढा शब्द येत होता; तो त्याने स्वतःकडे बोट दाखवून सांगितला आणि मग वरच्या खिडकीकडे बोट दाखवले. आजी आत गेल्या आणि केकचा एक भलामोठा तुकडा कागदात गुंडाळून घेऊन आल्या. त्यात अंडे असणार हे त्याला ठाऊक होते. त्याने तो तिथेच पायरीवर बसून खाल्ला.

पुण्याला आल्यापासून तो पुतणीची जुनी जर्मन पुस्तके काढून बसतो. सकाळी फिरायला जाताना आकडे म्हणतो. एकवीसपासून नव्व्याण्णवपर्यंत बिनचूक येतात. विम्यासाठी चौथ्या कंपनीला पत्र गेले आहे. त्याचे उत्तर काही येवो, पाहुण्याच्या व्हिशाचा पुढचा अर्ज मार्चमध्ये करायचा, असे त्याने ठरवले आहे. फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटरचा लागतो, सहा महिन्यांच्या आतला. तो परवाच काढून आणला त्याने.